आमेन लिहा आणि पुढे पाठवा

एका मराठी ख्रिस्ती मंडळीत २०२३ सालच्या लेंतमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, घडलेल्या प्रसंगाचा हा वृत्तान्त आहे. गाव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी त्या वेळी कमिटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे मला तटस्थ निरीक्षक म्हणता येणार नाही.

पार्श्वभूमी

मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. चर्च दगडी, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातले. १९७० साली अनेक प्रॉटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हापासून आम्ही त्यात आहोत. रविवारच्या उपासनेला दोनशेच्या आसपास माणसे असतात. जुनी घरे शिक्षकांची, नर्सबाईंची, एसटी आणि झेडपीतल्या नोकरदारांची. तरुण पोरे बहुतेक पुणे, चाकण, रांजणगावला, शनिवारी रात्री घरी येणारी.

छापील शब्दाचा आम्हाला थोडा जास्तच अभिमान आहे. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघाले ते नगरलाच. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याचे संपादन केले. त्याचे काही जुने बांधीव अंक आमच्या व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीतल्या, कपाटात आहेत. कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे मात्र दर वर्षी नव्याने शोधावे लागते. थोडक्यात, 'आपण वाचणारी माणसे' हा समज आमच्यात पक्का. या प्रकरणात तोच नडला.

मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप मार्च २०२० मधला. टाळेबंदीत चर्चला कुलूप लागले आणि पाळकसाहेब घरातून मोबाइलवर उपासना घेऊ लागले. तिची लिंक पाठवायला ग्रुप काढला. टाळेबंदी संपली, ग्रुप राहिला. वाढदिवस, मयताच्या वेळा, प्रार्थनेच्या विनंत्या आणि पुढे ढकललेले मेसेज असे सगळे त्यात. तो चालवणारा मीच, पण त्यात काय यावे नि काय येऊ नये याचा विचार मी कधी केला नव्हता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. गावात आमच्याबद्दलही अफवा फिरतात. 'पैसे देऊन बाटवतात', 'तेल लावून भुलवतात' वगैरे. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या नाताळच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओचा एक तुकडा कुणीतरी भलत्याच मजकुरासह फिरवला होता. पाळकसाहेबांना पोलीस ठाण्यात दोन तास बसून नाताळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले. खोट्या मेसेजने माणसाची काय गत होते हे आम्हाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

प्रसंग

३ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी साडेसातला गुरुजींनी ग्रुपवर मेसेज टाकला. गुरुजी म्हणजे मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. मंडळीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी अक्षरे गिरवायला शिकवली. दलित ख्रिस्ती आरक्षणाच्या मोर्च्यांना मुंबईला जाऊन आलेला माणूस. उगाच आरडाओरडा करणारा नव्हे.

मेसेजचा आशय असा: प्रभू येशू आणि त्याचे शिष्य समलिंगी होते असे दाखवणारा एक घाणेरडा चित्रपट लवकरच प्रदर्शित होणार आहे. त्याचे नाटक आधीच सुरू झाले आहे. इतर धर्मांचे लोक असल्या गोष्टींवर रस्त्यावर उतरतात, आपण मात्र झोपलेले. खाली आपले नाव लिहा, 'आमेन' लिहा आणि पुढे पाठवा. तुम्ही पाठवले नाही तर प्रभूला तुमची लाज वाटेल. शेवटी कुठल्याशा रेव्हरंडांचे नाव.

रात्री दहापर्यंत ग्रुपवर चाळीस-पंचेचाळीस 'आमेन' पडले. त्यात एक माझे होते. शिवाय मी तो मेसेज आणखी दोन ग्रुपवर पाठवला. त्यातला एक माझ्या शाळेच्या जुन्या मित्रांचा, सर्व धर्मांच्या पोरांचा.

५ मार्चला उपासना संपल्यावर गुरुजी उभे राहिले. सह्यांचे कागद तयार होते. तहसीलदारांना निवेदन द्यायचे, गावातल्या थेटरच्या मालकाकडून लेखी हमी घ्यायची आणि २ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी), आपली मिरवणूक बाजारपेठेतून जाते तेव्हा निषेधाचे फलक धरायचे, असा बेत होता. लोक भराभर सह्या करू लागले. मागच्या बाकावरून नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "गुरुजी, पिक्चरचं नाव काय?" गुरुजी म्हणाले, "बाळा, नाव महत्त्वाचं नाही, विषय महत्त्वाचा आहे." मी म्हणालो, "ताई, मीटिंगनंतर बोलू." नंतर कुणीच बोलले नाही.

हे लिहिताना एक गोष्ट आठवते. १८५५ साली 'ज्ञानोदय'ने जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापला होता. त्याचे कौतुक आम्ही दर वर्षी करतो. आमच्याच चर्चमध्ये शिकत्या मुलीने तीन शब्दांचा प्रश्न विचारला, तर तिला खाली बसवले.

ती बसली, पण थांबली नाही. मेसेजमधली दोन वाक्ये तिने इंग्रजीत करून शोधली आणि त्याच रात्री मला जे सापडले ते पाठवले. हाच मजकूर, जवळजवळ याच शब्दांत, १९८० च्या दशकात अमेरिकेत कागदी साखळीपत्रांतून फिरत होता. तिथल्या इलिनॉय राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयावर नसलेल्या चित्रपटाच्या विरोधात पत्रांचा ढीग पडला होता. पुढे १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये अशा धर्तीचे एक नाटक खरेच रंगभूमीवर आले. त्याने या जुन्या अफवेला नवे बळ मिळाले आणि ती ईमेलमध्ये शिरली. म्हणजे मेसेजमध्ये नाटकापुरता खऱ्याचा कण होता. 'लवकरच प्रदर्शित होणारा चित्रपट' मात्र माझ्या पोरांच्या जन्माआधीपासून लवकरच प्रदर्शित होत होता.

मी ते सगळे वाचले. तिला निळ्या टिका दिसल्या असतील. उत्तर मी दिले नाही. गुरुजींना काय सांगायचे, हा एकच विचार डोक्यात होता. पाच दिवस मी गप्प राहिलो.

त्या पाच दिवसांत दोन गोष्टी घडल्या. तरुण संघातली दोन पोरे थेटरवर जाऊन आली. मालक सत्तरीचे शेठ, धर्माने जैन. पोरांनी दरडावून हमी मागितली. शेठ म्हणाले, "असला पिच्चर मला कुणी दिला तरी मी लावणार नाही. पण आहे कुठं तो?" पोरांना उत्तर देता आले नाही, तरी "ध्यानात ठेवा" असे म्हणून ती निघाली. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोपनीय शाखेच्या हवालदाराचा पाळकसाहेबांना फोन आला: "साहेब, मोर्चा आहे का तुमचा?"

पाळकसाहेबांनी मला बोलावले. तेव्हा कुठे मी त्या मुलीचा मेसेज दाखवला.

दुसरी गोष्ट

१३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या याचिका घटनापीठाकडे सोपवल्या. दिवसभर टीव्हीवर तेच. हा विषय त्याआधीपासूनच बातम्यांत होता. मेसेज नेमका याच दिवसांत इतक्या जोरात का फिरला, याचे एक कारण हे असावे. बातमीने आग लागलेली होती, मेसेजला वारा आयताच मिळाला.

१४ तारखेला मंडळीतल्या एक बाई पाळकसाहेबांच्या घरी आल्या. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. लग्नाचा विषय काढला की घरी येत नाही. कारण त्याने आईला सांगितले आहे, वडिलांना नाही. बाईंनी ५ तारखेला सगळ्यांसोबत सही केली होती. "नाही केली असती तर लोकांनी विचारलं असतं," असे त्या म्हणाल्या. ग्रुपवरचे 'आमेन' त्यांनी मोजले होते. मेसेजमधल्या 'घाणेरडे', 'विकृत', 'किडे' या शब्दांखाली नावे होती त्यांच्या भावजयीची, शेजारणीची, मुलाला रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंची. आणि खुद्द त्यांचे.

पाळकसाहेबांनी हे कमिटीला सांगितले नाही, फक्त मला सांगितले, आणि तेही बाईंची परवानगी घेऊन. आज त्यांच्याच संमतीने, ओळख पुसून, इथे लिहितो आहे. हे त्या वेळी कमिटीला ठाऊक असते तर चर्चा वेगळी झाली असती का? मला शंका आहे. कदाचित अधिक वाईट झाली असती.

समोरचे पर्याय

१५ मार्च, बुधवार. बायबल अभ्यासानंतर कमिटी बसली. गुरुजी कमिटीवर नाहीत, त्यामुळे ते नव्हते. त्यांना बोलवावे की नाही यावरच पहिली दहा मिनिटे गेली आणि 'नको' असे ठरले. या निर्णयाकडे मी पुढे येणार आहे.

खजिनदारांचे म्हणणे, विषय वाढवू नका. सह्यांचे कागद माझ्याकडे राहू द्या, तहसीलला कुणी जाणार नाही, आठवड्याभरात लोक विसरतील. हा पर्याय बावळट नव्हता. गावखेड्यात कितीतरी भांडणे याच औषधाने बरी होतात. अडचण अशी, की मेसेज आमच्या कपाटात बंद झाला नव्हता. तो माझ्या हातून बाहेरच्या ग्रुपवर गेला होता, इतरांच्या हातून आणखी कुठे कुठे. आणि थेटरवाल्या शेठजींना दिलेला दम गावाने ऐकला होता.

तरुण संघाच्या प्रतिनिधीचे उलटे म्हणणे. हा पिक्चर खोटा असेल, पण असले पिक्चर येतातच ना? मग निषेध केला तर बिघडले काय? निवेदनातला शब्द तेवढा बदलू: 'अशा प्रकारचे चित्रपट'. त्याने २००६ सालची आठवण काढली, म्हणजे वडिलांकडून ऐकलेली. त्या वर्षी येशूचे लग्न झाले होते असे सुचवणाऱ्या 'द दा विंची कोड' या हॉलिवूडच्या चित्रपटावरून देशभर गदारोळ झाला होता. सेन्सॉर बोर्डाने प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र देऊन आणि ही कथा काल्पनिक असल्याची पाटी लावून तो सोडला. गोवा, नागालँड, तमिळनाडू, आंध्र प्रदेश यांसारख्या राज्यांनी बंदी घातली. मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूची बंदी उठवली आणि देशभर बंदी घालण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आमच्या गावात तो चित्रपट थेटरला लागलाच नाही. बसस्टँडवर त्याच्या नकली सीड्या मात्र खपल्या, आणि त्या घेणाऱ्यांत आमचेही लोक होते. मी होतो.

त्या आठवणीने चर्चा एका चांगल्या जागी आली. खरा चित्रपट असता तर काय करता आले असते? थेटरला लागणाऱ्या चित्रपटाला १९५२ च्या कायद्याप्रमाणे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे नाव कळले की तो आहे की नाही हे तपासता येते. ओटीटीवर काही आले, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. भारतीय दंड संहितेचे २९५ अ कलम होते, पण ते मुद्दाम, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानासाठी. आणि सगळ्यांत सोपे म्हणजे पाहायचे नाही, किंवा पाहून घरी मुलांशी बोलायचे. यातल्या प्रत्येक वाटेला निदान एक नाव लागते. चित्रपटाचे नाव. ते आमच्याकडे नव्हते.

मग महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई बोलल्या. त्यांचे माहेर धुळ्याकडचे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसे होती ती. अफवा व्हॉट्सॲपवरची. त्यानंतरच त्या कंपनीने भारतात एका वेळी पाचच जणांना मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बाई म्हणाल्या, "त्या जमावातल्या कुणाला वाटलं नसेल आपण खून करायला निघालोय. लेकरं वाचवायला निघाले होते सगळे. आपली पोरं शेठच्या थेटरवर गेली ती काय वाचवायला गेली होती?"

कुणी बोलले नाही. मला वाटते, निर्णय त्या शांततेतच झाला.

निर्णय

पाळकसाहेबांनी शेवटी जे मांडले ते त्यांच्या प्रवचनांपेक्षा आखूड होते. आपल्या श्रद्धेचा अपमान झाला का, हा दुसरा प्रश्न. आधीचा प्रश्न, ही गोष्ट खरी आहे का. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी नवव्या आज्ञेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असे आहे आणि निर्गम या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात खोटी बातमी पसरवू नको असे. त्यात 'चांगल्या हेतूने असेल तर चालेल' अशी सवलत नाही. शेठजी आपले शेजारी आहेत. अगदी शब्दशः, चर्चपासून तिसरी इमारत.

समलिंगी माणसांबद्दल चर्चची शिकवण काय असावी हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. त्यावर मंडळीत मतभेद आहेत, तो प्रश्न मोठा आहे आणि तो अफवेच्या पाठीवर बसवून सोडवायचा नाही, असे ते म्हणाले. एवढेच जोडले, की त्या मेसेजमधली भाषा चित्रपट खरा असता तरीही मंडळीच्या ग्रुपवर चालली नसती.

ठरले ते असे. मिरवणूक होईल, फलक नसतील. निवेदन जाणार नाही. पाळकसाहेब आधी गुरुजींना एकटे भेटतील, कारण भावाचा अपराध दिसला तर आधी दोघांतच बोलावे असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. मग रविवारी चर्चमध्ये खुलासा. ग्रुपवर लेखी खुलासा मी करायचा. शेठजींकडे पाळकसाहेब आणि ती दोन पोरे जातील.

काय केले

शेठजींची भेट सगळ्यांत सोपी झाली. त्यांनी चहा पाजला आणि पोरांना परीक्षा कधी आहे ते विचारले.

गुरुजींची भेट अवघड झाली. पाळकसाहेब १६ तारखेला संध्याकाळी गेले. सलाम झाला, चहा झाला. पाळकसाहेबांनी सगळे सांगितले: साल, नाटक, इलिनॉय. गुरुजी ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे मी चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका शिकवलं, आणि आता मी खोटारडा?" तसे कुणी म्हटले नव्हते. तरी त्यांनी ते तसेच ऐकले. रविवारी तुम्हीच उभे राहून सांगा, असे पाळकसाहेबांनी सुचवले. गुरुजींनी नकार दिला. मेसेज मुंबईच्या साडूने पाठवला होता, तोही डिकन, म्हणजे चर्चचा पदाधिकारी आहे, त्याला विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही, म्हणाले. "कमिटीत बसून माझा निकाल लागला, मला बोलावलंही नाही," हेही म्हणाले.

१९ मार्चला पाळकसाहेबांनी नाव न घेता खुलासा केला. दोनशे माणसांच्या मंडळीत नाव न घेणे म्हणजे चादर पांघरून बाजारात जाणे. सगळ्यांच्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. गुरुजी आशीर्वादाआधीच उठून गेले.

ग्रुपवर मी खुलासा टाकला. चार अंगठे आले. जिथे चाळीस 'आमेन' पडली होती तिथे चार अंगठे. शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवरही टाकला, तिथे कुणी हसले, कुणी काही म्हणाले नाही. तिसरा ग्रुप दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती लोकांचा; तिथे टाकला, तर तिथल्या ॲडमिनने मला काढून टाकले. माझा मूळ मेसेज अजून तिथे असेल.

त्याच आठवड्यात मी आमचा ग्रुप 'फक्त ॲडमिन' करून टाकला. कमिटीला विचारले नाही.

परिणाम

२ एप्रिलला मिरवणूक निघाली. हातात झावळ्या, तोंडी होसान्ना, बाजारपेठेत नेहमीप्रमाणे वाहतूक अडली आणि नेहमीप्रमाणे कुणी कुरकुरले नाही. गुरुजी दारात उभे राहून पाहत होते, सामील झाले नाहीत. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात शब्दांपैकी, म्हणजे उद्गारांपैकी, एका शब्दावर ते दर वर्षी बोलतात; त्या वर्षी बरे नसल्याचा निरोप आला. ईस्टरला आले, मागे बसले.

त्या बाईंचा मुलगा ईस्टरला घरी आला. याचा आमच्या निर्णयाशी संबंध आहे असा माझा दावा नाही. त्याला बहुधा यातले काही ठाऊकच नव्हते.

मार्चअखेर आणखी एक चित्र फिरले, तुम्हीही पाहिले असेल: पांढऱ्या फुगीर कोटातले पोप फ्रान्सिस. यंत्राने बनवलेले चित्र होते ते. आमच्यातल्या दोन वडीलधाऱ्यांनी ते खरे मानून कॅथलिकांच्या थाटामाटावर टीका सुरू केली. तीही माझ्या 'फक्त ॲडमिन' ग्रुपवर नव्हे, तर लोकांनी परस्पर काढलेल्या दुसऱ्या ग्रुपवर, जिथे मी नव्हतो. मला ते मुलाकडून कळले. ग्रुपला कुलूप लावून मी काय साधले ते तेव्हा कळले. पुढच्या आठवड्यात कुलूप काढले.

७ मेपासून महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बसायचे ठरले. नाव 'पारख', बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातल्या 'सर्व गोष्टींची पारख करा' या वचनावरून. घेते ती नर्सिंगची मुलगी, कॉलेज असेल तेव्हा दुसरे कुणी. पहिल्या बैठकीत कोटातल्या पोपचे चित्र घेतले, कारण त्याला सगळे हसू शकत होते. पाण्याची बाटली विकून बरे करणाऱ्या प्रचारकांचे व्हिडिओ नंतर आले, आणि तिथे हसू कमी झाले. काहींच्या घरी ती बाटली होती. हजेरी पंधरा-वीसच्या वर कधी गेली नाही. दोन महिने बैठक झालीच नाही, कारण लग्नसराई.

समलिंगी माणसांबद्दल मंडळीत बोलायचे, असे पाळकसाहेबांनी म्हटले होते. ती चर्चा अजून झालेली नाही.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यांत आधी, ५ मार्चचा तो हात. तिला दोन मिनिटे बोलू दिले असते, तर त्या दिवशी सह्या झाल्या नसत्या, पोरे थेटरवर गेली नसती आणि गुरुजींना सगळ्यांसमोर मागे यावे लागले नसते. त्या घटकेला ते 'अरे, बघू तरी नाव काय' म्हणून सहज वळले असते. दहा दिवसांनी ते शक्य नव्हते. चूक दुरुस्त करण्याची किंमत रोज वाढते आणि ती वाढवण्यात माझ्या पाच दिवसांचा वाटा मोठा आहे.

गुरुजींना कमिटीला न बोलावणे ही चूक होती असे आता माझे मत आहे. आम्ही त्यांचा मान राखायला बोलावले नाही. त्यांना ते पाठीमागे लावलेल्या निकालासारखे वाटले. पाळकसाहेब या बाबतीत माझ्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते कमिटीत गुरुजी आणखी अडून बसले असते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचाच आधार घ्यायचा तर क्रम उलटा झाला हे मात्र तेही मान्य करतात: आधी दोघांत, मग दोघा-तिघांत, मग मंडळीत. आम्ही कमिटीपासून सुरुवात केली.

भेटीची पद्धतही वेगळी हवी होती. पाळकसाहेबांनी गुरुजींना सांगितले. शेजारी बसून, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच बोटांनी ते वाक्य शोधायला लावले असते तर? शिक्षक माणूस, स्वतः सोडवलेले गणित त्याला पटते, दुसऱ्याने फळ्यावर लिहिलेले नाही. 'पारख'मध्ये आम्ही आता हेच करतो, पण गुरुजी तिथे येत नाहीत.

खुलाशात माझे नाव असायला हवे होते. 'काहींनी हा मेसेज पुढे पाठवला' असे मी लिहिले. 'मी दोन ग्रुपवर पाठवला' असे लिहायला हवे होते. मी ते मेमध्ये, पहिल्या 'पारख'च्या वेळी तोंडी कबूल केले, तेही पंधरा माणसांसमोर. रविवारी १९ मार्चला मी उभा राहिलो असतो तर लोकांच्या माना तिसऱ्या बाकाऐवजी माझ्याकडे वळल्या असत्या.

त्या बाईंच्या बाबतीत काय करता आले असते, याचे उत्तर मला नाही. सहीच्या कागदावर त्यांचे नाव आहे. कागद नष्ट करावेत का, हा विषय कमिटीत दोनदा निघाला. एक मत असे, की लोकांनी खोट्या गोष्टीखाली केलेल्या सह्या आपल्याकडे ठेवू नयेत. दुसरे असे, की हाही मंडळीचा इतिहास आहे. ते 'ज्ञानोदय'च्या अंकांच्या खालच्या फळीवर आहेत. किल्ली सध्या नव्या सेक्रेटरीकडे आहे.

२०२५ च्या लेंतमध्ये तो मेसेज पुन्हा ग्रुपवर आला. कुणीतरी नव्याने आलेल्या सुनेने, माहेरच्या ग्रुपवरून. चित्रपट आता ओटीटीवर येणार होता, बाकी मजकूर तोच. दहा मिनिटांत चार 'आमेन' पडली. पाचवे उत्तर थेटरवर गेलेल्या दोन पोरांपैकी एकाचे होते: 'वहिनी, आहे कुठं तो पिच्चर?'